गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याचे धैर्य



शर्यत ही आपल्या भागाला नवी नाही. पांढुर्णा-सौसरच्या मातीत वाढलेल्या माणसाने लहानपणी कोठे ना कोठे पट पाहिलेला असतोच. बैलजोडी सुटते, धुरकरी ओरडतो, धूळ उडते आणि काही सेकंदांत सारा खेळ आटोपतो. नंतर मात्र त्या काही सेकंदांची चर्चा घरोघरी आठवडाभर चालते. वेगाचे आकर्षण आपल्या रक्तात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आज मात्र मी अशा एका शर्यतीविषयी लिहिणार आहे, जी काही सेकंदांत नव्हे तर पूर्ण चोवीस तासांनी संपते. त्या शर्यतीत एक चालक होता. एका वर्षी तो जिंकता जिंकता हरला आणि तीन वर्षांनी त्याच रस्त्यावर मरण पावला. त्याच्यासोबत ऐंशीहून अधिक प्रेक्षकही गेले. विषय दूर देशातला आहे, पण तो शेवटी आपल्या शाळेच्या फाटकापाशी येऊन थांबतो. म्हणून सर्वांनी, विशेषतः पालकांनी, लेख शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

फ्रान्स देशात ल मां नावाचे एक गाव आहे. तेथे १९२३ सालापासून मोटारींची चोवीस तासांची शर्यत भरते. शनिवारी दुपारी सुरू होते, रात्रभर चालते आणि रविवारी दुपारी संपते. साडेतेरा किलोमीटरच्या आसपास लांबीच्या त्या मार्गाचा मोठा भाग म्हणजे एरवी लोकांच्या वापरातला साधा रस्ता. चोवीस तासांत जी गाडी सर्वांत जास्त अंतर कापेल ती विजयी. म्हणजे येथे नुसता वेग कामाचा नाही. गाडी टिकली पाहिजे आणि माणूसही टिकला पाहिजे. म्हणूनच एका गाडीसाठी एकापेक्षा अधिक चालक असतात. एकजण चालवतो, दुसरा झोप घेतो, पुन्हा अदलाबदल होते.

या शर्यतीत पियेर लेवेघ नावाचा फ्रेंच चालक भाग घेत असे. त्याचा जन्म १९०५ सालचा. लेवेघ हे त्याचे खरे आडनाव नव्हे. त्याचा एक काका मोटारींच्या अगदी सुरुवातीच्या काळातला नामवंत शर्यतपटू होता. त्या काकाने आपल्या वेल्घ या आडनावातील अक्षरे उलटसुलट करून लेवेघ हे टोपणनाव घेतले होते. पुतण्याने तेच नाव पुढे चालवले. घराण्याचे नाव उज्ज्वल करावे ही त्याची इच्छा, आणि ती चांगलीच आहे. पण अशा इच्छेचे ओझेही असते, हे मी शिक्षक म्हणून रोज पाहतो.

१९५२ साली लेवेघ ४६ वर्षांचा होता. टॅल्बो कंपनीची गाडी घेऊन तो शर्यतीत उतरला. रेने मार्शां हा त्याचा जोडीदार चालक होता. रात्र झाली, पहाट झाली, उजाडले. जोडीदार तयार होऊन बसला होता, पण लेवेघ गाडीतून उतरायला तयार नव्हता. इंजिनात काही बिघाड होतो आहे, तो आपल्यालाच सांभाळता येईल, दुसऱ्याच्या हाती गेल्यास गाडी टिकणार नाही, असे त्याला वाटत होते, असे म्हणतात. जवळजवळ तेवीस तास त्या एकट्या माणसाने गाडी चालवली. तो सर्वांच्या पुढे होता. मागच्या जर्मन मर्सिडीज गाड्यांवर त्याने मोठी आघाडी घेतली होती. शर्यत संपायला थोडाच वेळ उरला होता आणि इंजिन फुटले. गाडी थांबली. मर्सिडीजच्या दोन गाड्या पहिल्या व दुसऱ्या आल्या.

इंजिन कशामुळे तुटले याविषयी आजही दोन मते आहेत. काही म्हणतात, थकलेल्या हाताने चुकीचा गियर टाकला. काही म्हणतात, दोष इंजिनातच होता, कोणीही चालवली असती तरी तेच झाले असते. खरे काय ते आता कळणार नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. बाजूला एक ताजातवाना माणूस बसलेला असताना दुसऱ्याने झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी तेवीस तास गाडी हाकली. लोकांनी त्याचे कौतुकही केले आणि त्याला दोषही दिला.

तीन वर्षांनी, १९५५ साली, मर्सिडीज कंपनीनेच त्याला आपल्या संघात घेतले. या वेळी त्याचा जोडीदार होता अमेरिकेचा जॉन फिच. तारीख ११ जून, शनिवार. शर्यत दुपारी चारला सुरू झाली. सायंकाळचे साडेसहा वाजत आले होते. मुख्य प्रेक्षागारासमोरच्या सरळ पट्ट्यावर माईक हॉथॉर्न या इंग्रज चालकाने आपली जग्वार पुढे काढली आणि लगेच पेट्रोल घेण्यासाठी उजवीकडे थांब्याकडे वळत ब्रेक मारला. त्याच्या मागे लान्स मॅक्लिनची लहान गाडी होती. ती वाचवण्यासाठी त्याने डावीकडे घेतले. डावीकडून मागून ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने लेवेघची मर्सिडीज येत होती. ती लहान गाडीच्या मागच्या उतरत्या भागावर चढली, हवेत उडाली आणि मातीच्या बांधावर आदळली. बांधापलीकडे लोक खांद्याला खांदा लावून उभे होते. गाडीचे इंजिन आणि पुढचा भाग सुटून त्या गर्दीत घुसला. लेवेघ जागच्या जागी ठार झाला. ऐंशीहून अधिक प्रेक्षकांनी प्राण गमावले, शंभराहून अधिक जखमी झाले. मोटार शर्यतीच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटना.

मागून हुआन मान्युएल फांजिओ हा जगज्जेता चालक येत होता. आदळण्यापूर्वीच्या क्षणी लेवेघने हात वर करून आपल्याला इशारा केला व त्यामुळेच आपण वाचलो, असे फांजिओ पुढे सांगत असे. जो माणूस तीन वर्षांपूर्वी आपल्या जोडीदारालाही गाडी द्यायला तयार नव्हता, त्याची शेवटची कृती दुसऱ्याला सावध करण्याची होती. मला त्याच्या तेवीस तासांपेक्षा हा एक हात अधिक मोठा वाटतो.

आता पुढे काय झाले ते पाहू, कारण बोध तेथे आहे.

शर्यत थांबवली नाही. आयोजकांचे म्हणणे असे की सारी गर्दी एकदम बाहेर पडली असती तर रुग्णवाहिकांचा रस्ता अडला असता. या कारणात तथ्य असेलही. मर्सिडीजने मात्र मध्यरात्रीनंतर आपल्या उरलेल्या गाड्या मागे बोलावल्या. त्या वेळी त्यांची गाडी पहिल्या क्रमांकावर होती. विजय समोर दिसत असताना त्यांनी माघार घेतली. आपल्याकडच्या कोणत्याही क्रीडा मंडळाने हे उदाहरण लक्षात ठेवावे. स्वित्झर्लंडने तर आपल्या देशात मोटारींच्या अशा शर्यतींवरच बंदी घातली. ती बंदी अनेक दशके टिकली.

चौकशी झाली. लोकांना एखादा दोषी हवा होता. कोणी हॉथॉर्नकडे बोट दाखवले, कोणी मॅक्लिनकडे, कोणी मेलेल्या लेवेघकडे. चौकशीत कोणत्याही एका चालकाला गुन्हेगार ठरवले गेले नाही. दोष निघाला जागेत. रस्ता जुन्या काळातल्या कमी वेगाच्या गाड्यांसाठी केलेला. गाड्यांचा वेग अडीच पट झाला, रस्ता तेवढाच राहिला. थांबणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी पट्टी नव्हती. ज्याला थांबायचे तो आणि ज्याला पूर्ण वेगाने पुढे जायचे तो, दोघेही एकाच अरुंद पट्ट्यावर. आणि त्यांच्या व प्रेक्षकांच्या मध्ये केवळ मातीचा बांध. पुढील वर्षाच्या शर्यतीआधी तो भाग पाडून रस्ता रुंद केला, प्रेक्षागार मागे घेऊन नव्याने बांधले. चालकांच्या तासांवरही मर्यादा आल्या. आज ल मां येथे कोणत्याही चालकाला सहा तासांच्या काळात चार तासांहून अधिक आणि एकूण चौदा तासांहून अधिक गाडी चालवता येत नाही. लेवेघने जे केले ते आज कोणी करू म्हटले तर तो नियमानेच बाद होईल.

जॉन फिचची गोष्ट तर प्रत्येक विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ऐकावी अशी आहे. अपघाताच्या वेळी तो आपल्या पाळीची वाट पाहत होता. या माणसाने पुढे रस्ता सुरक्षेचा ध्यास घेतला. वाळू भरलेली प्लॅस्टिकची पिंपे रस्त्यावरील खांब व कठड्यांपुढे ओळीने ठेवायची, पुढच्या पिंपात वाळू कमी, मागच्यात जास्त. आदळणारी गाडी एकदम न थांबता हळूहळू थांबते आणि आतला माणूस वाचतो. अमेरिकेतील महामार्गांवर ही पिंपे फिचच्या नावानेच ओळखली जातात. नववीच्या पुस्तकातले संवेगाचे प्रकरण किती जीव वाचवू शकते, ते यावरून समजावे.

कोणी म्हणेल, ही सत्तर वर्षांपूर्वीची व सातासमुद्रापारची कथा. तर जवळचे सांगतो. ८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईजवळच्या शर्यत मार्गावर राष्ट्रीय स्पर्धेत के. ई. कुमार या ५९ वर्षांच्या अनुभवी चालकाचा अपघाती मृत्यू झाला. त्या दिवशीच्या उरलेल्या शर्यती रद्द करण्यात आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच मार्गावर मोटारसायकलच्या शर्यतीत बंगळूरचा एक मुलगा गेला. वय वर्षे तेरा. हेल्मेट, विशेष पोशाख, प्रशिक्षण, रुग्णवाहिका, सारे असतानाही हे घडते. मग जेथे यांपैकी काहीच नसते, त्या आपल्या रस्त्यांचे काय?

आपल्या गावांवरून महामार्ग जातात. पांढुर्ण्याहून नागपूर-बैतूल-भोपाळ, सौसरहून नागपूर-छिंदवाडा. रस्ते चांगले झाले, याचा आनंद आहे. पण ल मां येथे जे झाले तेच येथे होत आहे. गाड्यांचा वेग वाढला, आपल्या सवयी बैलगाडीच्या काळातल्या राहिल्या. सरकारी आकडा असा की २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातात गेली आणि त्यांपैकी सुमारे ५० हजार जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. शिर सलामत तर पगडी पचास, ही म्हण आपण बोलतो, पाळत नाही.

शाळा सुटण्याच्या वेळी आपल्या फाटकासमोर पाच मिनिटे उभे राहून पाहावे. ऑटो तेथेच थांबतात. मुलांना न्यायला आलेले पालक मोटारसायकल अर्ध्या रस्त्यावर उभी करतात. त्याच पट्ट्यावरून मागून ट्रॅक्टर-ट्रॉली आणि भरधाव गाड्या येतात. एक थांबतो, मागचा त्याला चुकवायला वळतो, त्याच्या मागच्याला काही दिसत नाही. हॉथॉर्न, मॅक्लिन आणि लेवेघ हे तिघेही आपल्या फाटकासमोर रोज हजर असतात. आणि मातीच्या बांधाच्या जागी उभी असतात पहिली-दुसरीची मुले. आजवर काही झाले नाही, ही देवाची कृपा. पण कृपेवर व्यवस्था चालवू नये.

विश्वस्त मंडळाला माझी स्पष्ट विनंती आहे. नवीन सभागृहाआधी फाटकाचे काम व्हावे. फाटक आत घेऊन रस्त्यालगत आपल्या जमिनीतून गाड्या थांबण्यासाठी वेगळी पट्टी काढावी आणि पायी येणाऱ्या मुलांसाठी लोखंडी कठडा लावावा. शाळेच्या मैदानाचा थोडा भाग जाईल. पालखीच्या व गणेशोत्सवाच्या मंडपाची जागाही आक्रसेल. जाऊ द्यावी. ल मां येथे अपघात झाल्यावर बांधकाम झाले, आपण आधी करू. खर्चाचा प्रश्न येईल, तो यायलाच हवा. त्यासाठी पालकांची सभा बोलवावी व त्यात मोकळेपणाने चर्चा व्हावी.

पालकांना दुसरी विनंती. अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मुलाच्या हाती मोटारसायकल देऊ नये. सोळाव्या वर्षी कायदा फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीची परवानगी देतो, तीही लायसन्स घेऊन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. ते दोघेही आपल्या मध्य प्रदेशातले. शिकून नोकरीला लागलेली, आई-वडिलांचा आधार झालेली मुले. आरोपी मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा देशभर संताप उसळला. मी पंचवीसहून अधिक वर्षे मुलांकडून निबंध लिहून घेत आलो आहे. निबंधाची ताकद मला माहीत आहे. पण तो किल्ली हाती देण्याच्या आधी लिहून घ्यायचा असतो, नंतर नव्हे.

काही पालक म्हणतात, “सर, शेत लांब आहे, गडी मिळत नाही, पोरगा गाडी घेऊन गेला तर चार कामे होतात.” अडचण खरी आहे. शिकवणीहून परत येणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर ती अधिकच खरी. म्हणूनच मी केवळ मनाई करून थांबत नाही. एका रस्त्याने येणाऱ्या पाच-सहा घरांनी मिळून ऑटो ठरवावा, शाळा त्यासाठी याद्या करून देईल. सायकल आणणाऱ्यांसाठी छपराचा स्टँड वाढवू. मात्र येत्या सत्रापासून लायसन्स व हेल्मेट नसलेल्या विद्यार्थ्याची मोटारसायकल आवारात येणार नाही आणि फाटकाबाहेरच्या पानटपरीजवळ ठेवलेली असेल तर त्याच दिवशी पालकांना निरोप जाईल. हा नियम शिक्षकांच्या मुलांनाही लागू राहील.

तिसरी गोष्ट आपल्या संत्र्याच्या धंद्याशी संबंधित आहे. हंगामात येथून भरलेले ट्रक दूरच्या मंडीकडे निघतात. माल लवकर पोहोचला तर भाव मिळतो, म्हणून एकच चालक रात्रभर, कधी दुसऱ्या दिवशीही, स्टिअरिंग सोडत नाही. त्यांतले काही आपल्याच विद्यार्थ्यांचे वडील व काका आहेत. १९६१ च्या कायद्यातच मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा घातलेली होती. लेवेघजवळ बक्षिसाची आशा होती, तशी येथे भावाची. व्यापारी बंधूंनी लांबच्या फेरीला दोन चालक द्यावेत. आपल्या संस्थेच्या देणगीदारांत असे अनेकजण आहेत, म्हणून येथेच लिहितो. संत्रे एक दिवस उशिरा पोहोचेल. माणूस मात्र पोहोचलाच पाहिजे.

गोटमारीचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात. चंडीमातेवरची श्रद्धा प्रत्येकाची आपापली, त्यावर मी बोलत नाही. पण दगडाला खेळणारा आणि पाहणारा यांतला फरक कळत नाही, जसा त्या उडालेल्या इंजिनाला कळला नाही. निदान शाळकरी मुलांनी काठावरच्या गर्दीत उभे राहू नये, एवढे घरातील वडीलधाऱ्यांनी पाहावे.

आता विद्यार्थी मित्रांशी दोन शब्द. तुम्हाला साहस करू नका असे मी म्हणत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या, सुमारे ४,८०० किलोमीटरच्या सायकल शर्यतीत उतरले आणि नऊ दिवसांच्या आत पोहोचले. एक भाऊ सायकल चालवी तेव्हा दुसरा विश्रांती घेई. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. पण एकट्याने म्हणजे तरी काय? त्यांच्या मागे साहाय्यकांची तुकडी गाडी घेऊन चालत होती. खाणे, पाणी, औषध आणि झोपेची वेळ हे सारे ते सहकारी पाहत. थांब म्हटल्यावर थांबणे हाही त्या शर्यतीचाच भाग असतो.

परीक्षेच्या आधी चार-चार रात्री जागणारी मुले मला दरवर्षी दिसतात. तीही आपापल्या परीने लेवेघच. तेवीस तास गाडी उत्तम चालते आणि शेवटच्या तासाला, म्हणजे ऐन पेपरात, इंजिन बंद पडते. आठ तास झोपा, आईला उठवायला सांगा, न समजलेले गणित शेजारच्या मित्राला विचारा. मदत घेणे म्हणजे हरणे नव्हे.

थकलो आहे, आता तू घे, असे म्हणायला जिगर लागते. गाडी चालवणाऱ्याला लागते, शेतकऱ्याला लागते, संस्था चालवणाऱ्यांनाही लागते. विश्वस्त मंडळाची बैठक याच महिन्यात आहे. फाटकाचा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, असे पत्र मी दिले आहे. पालकांनीही आपले मत लेखी कळवावे. पत्र कार्यालयात द्यावे किंवा मुलाच्या दैनंदिनीत लिहून पाठवावे, प्रत्येक पत्र बैठकीत वाचले जाईल.

— प्राचार्य